खाली माग चालू आहेत

सारिका मुरदंडेला माणसं शांत करण्याचा पगार मिळत असे. कोल्हापुरातल्या एका मोठ्या इस्पितळात तिची 'निवांत' नावाची खोली होती. प्रसूतीच्या कळांनी कासावीस झालेल्या बायका, सुईचं नाव काढलं तरी पांढरेफटक पडणारे धिप्पाड पैलवान, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना आकांत करणारी माणसं, सगळी तिच्याकडे येत. ती त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवी, कानांवर मऊ गाद्या बसवी आणि दहा-पंधरा मिनिटांत तीच माणसं हिमालयातल्या एखाद्या कुरणात पाय पसरून पडलेली असत. तिला हरवणारा माणूस इस्पितळात कुणी पाहिला नव्हता.

आणि आज तिच्या सख्ख्या बापानं तिची पार फजिती करून टाकली होती.

"आप्पा, काय दिसतंय?" तिनं विचारलं.

नागेशआप्पा पलंगावर उताणे पडले होते. मोडलेल्या खुब्याखाली उशी, नाकात ऑक्सिजनची नळी, डोळ्यांवर चष्मा. "दर्या दिसतोय," ते म्हणाले.

"छान आहे ना?"

"छान हाय. पर माणसं कुटं गेली समदी?"

"माणसं नाहीतच तिथं. तुम्ही एकटेच. कुणाचा त्रास नाही, आवाज नाही. कसं वाटतंय?"

"भ्या वाटतंय," आप्पा म्हणाले आणि पडद्यावरचे ठोके एकशे अठरावर गेले.

सारिकानं समुद्र मिटवला. त्याआधी देवदारांचं जंगल झालं होतं, चांदण्यातलं तळं झालं होतं, बर्फ झालं होतं. बर्फात तर आप्पांनी चष्माच ओढून काढला होता.

'निवांत'मध्ये जादू काही नव्हती. मेंदू एका वेळी थोड्याच गोष्टींकडे लक्ष देऊ शकतो आणि दुखणं जाणवायलाही लक्ष खर्ची पडतं. डोळे आणि कान दुसरीकडे गुंतवले की दुखण्याच्या वाट्याला उरलंसुरलं तेवढंच येतं. जुने चष्मे एवढ्यावरच थांबत. हे नवं यंत्र पुढे गेलं होतं. निर्धास्त माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होत राहतं. घाबरलेल्याचं हृदय मात्र कवायतीला उभं केल्यासारखं एकसारखं धावतं. यंत्र ते अंतर वाची, बोटांचा घाम वाची, श्वास मोजी, बुबुळांवर नजर ठेवी आणि त्याप्रमाणे क्षणोक्षणी देखावा बदली. लाट मंद कर, ऊन कोवळं कर. अंग सैल पडलं की तिथंच थांब. माणसानं तोंड उघडायचीही गरज नसे.

आप्पांचं अंग काही केल्या सैल पडत नव्हतं, आणि ते पडणं भाग होतं. चार दिवसांपूर्वी ते न्हाणीत घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. इचलकरंजीत जन्मभर माग चालवून कापसाची धूळ त्यांच्या फुप्फुसांत अशी बसली होती की पूर्ण भूल द्यायची सोय नव्हती. गुंगीचं साधं औषध दिलं तरी श्वास मंदावून माणूस हातचा जायचा. हृदयही थकलेलं. उपाय एकच होता. कंबरेखालचा भाग बधिर करायचा आणि आप्पांना टक्क जागं ठेवून ऑपरेशन करायचं.

भूलतज्ज्ञ डॉक्टर अस्मा मुजावर सारिकाची मैत्रीण होती, पण टेबलापाशी ती कुणाची मैत्रीण नसे. "हे बघ," तिनं स्पष्ट सांगितलं, "आतमध्ये तास-दीड तास ठोकाठोकी चालते. हे घाबरले आणि ठोके असेच राहिले, तर त्यांचं हृदय मध्येच दगा देईल. ऑपरेशन न करता झोपवून ठेवलं तर आठवड्याभरात छाती भरेल. परवा सकाळचं टेबल मी धरून ठेवते. तोवर त्यांना नव्वदीच्या खाली आणून दाखव. नाहीतर मी नको म्हणेन."

हजारो परक्यांना सारिकानं शांत केलं होतं आणि घरचा माणूस तिच्या हातातून निसटत होता.

"आप्पा," ती शेवटी वैतागून म्हणाली, "शांततेत भ्यायला काय झालं तुम्हाला?"

"अगं, आमच्यात शांत कवा असतंय?" आप्पा म्हणाले. "लाइट गेली की शांत. सुताचा भाव कोसळला की शांत. गल्लीत कुणी गेलं की शांत. माग बंद म्हंजी कायतरी वंगाळच की. आनि तू मला उचलून शांततेत नेऊन टाकतीयास."

सारिकानं कपाळाला हात लावला. तिला आठवलं त्यांचं घर. खाली चार साधे माग, वर राहायच्या दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. पहाटेपासून खडखडाट. वरची फरशी थरथरायची, ताटातली आमटी थरथरायची. कानांत कापसाचे बोळे घालून ती अभ्यासाला बसायची आणि इथून सुटायचं एवढंच मनात घोकायची. शांतता म्हणजे आवाज नसणं, हे तिनं तेव्हापासून गृहीत धरलं होतं. यंत्रालाही तिनं तेच शिकवलं होतं. आणि आपल्याच बापाचा माग आपल्याला सुचू नये, याची तिला मनस्वी लाज वाटली.

मग काय, दुपारपर्यंत तिनं समुद्रबिमुद्र गुंडाळून ठेवला आणि जिना, वरच्या खोल्यांसकट चार मागांचा कारखाना उभा केला. जुन्या ध्वनिफिती मिळवल्या. हा जुना माग म्हणजे मोठं गोंगाटी प्रकरण. मागच्या बाजूच्या मोठ्या रुळावर, म्हणजे बीमवर, ताण्याच्या उभ्या तारा गुंडाळलेल्या असतात; बीम संपलं की काम संपलं. लाकडी धोटा त्या तारांमधून इकडून तिकडे फेकला जातो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि प्रत्येक फेकीला खाट्कन आवाज होतो. इचलकरंजीतही आता बहुतेक ठिकाणी बिनधोट्याचे, कुजबुजणारे माग आले होते. सारिकानं जुना खडखडाट जशाचा तसा आप्पांच्या कानांत सोडला.

आप्पांचा चेहरा क्षणभर उजळला. तिच्या जिवात जीव आला. पण पाठोपाठ त्यांचे दोन्ही हात वर उठले आणि हवेतच गाठी मारायला लागले.

"तार तुटली! त्या कडंच्या मागावर बघ, तार तुटली!"

ठोके एकशे पंचवीस.

"मुरदंडेआजोबा कामावर रुजू झाले की गं," डॉक्टर अस्मा दारातून म्हणाली. हसावं की रडावं, दोघींनाही कळेना. मागापुढे उभा राहिलेला विणकर विसावा कसला घेणार? तो डोळ्यांत तेल घालून तारा बघत राहणार.

हात टेकल्यावर सारिकानं एक शेवटची गोष्ट केली. यंत्राला तिनं 'शोध'वर टाकलं. यात देखावा ती ठरवत नसे. यंत्र अंधारात चाचपडावं तसं थोडं इकडे, थोडं तिकडे सरके आणि अंग जिकडे सैलावेल तिकडे जाई. पडद्यावर तिलाही तोच देखावा दिसत होता आणि स्पीकरमधून तोच आवाज खोलीत घुमत होता. खडखडाट दूर जाऊ लागला. माग नजरेआड झाले. यंत्रानं आप्पांना पायरी पायरीनं वर नेलं, आणि ते एका खोलीत जाऊन थांबलं. आवाज आता खालून, फरशीतून येत होता. पलंगाखाली बसवलेला कंपक, म्हणजे थरथर उठवणारं उपकरण, हलके हलत होता. ठोके उतरले, पण शंभरावर येऊन अडले. तिथून हलेचनात.

"आप्पा, आता?"

"बरं वाटतंय," आप्पा कुरकुरले. "पर किती येळ झाला, एक कांडी संपंना. असला कसला माग? खाली कोन हाय का न्हाई?"

सारिका खुर्चीतच ताठ झाली. धोट्यातली कांडी दर काही मिनिटांनी संपते. संपली की माग आपोआप थांबतो. विणकर नवी कांडी भरतो, दांडी ओढतो आणि माग पुन्हा सुरू होतो. तिनं कानांत सोडलेला आवाज मात्र अखंड होता. कधी न थांबणारे चार माग! असल्या मागांवर मुरदंडे घराण्यातला माणूस कसा विश्वास ठेवील?

तिनं लगेच एक माग थांबवला. पडद्यावरचा ठोक्यांचा आलेख ताडकन वर उसळला. तेवढ्यात डॉक्टर अस्मानं काहीतरी विचारलं आणि खोलीत घुमणाऱ्या त्या खडखडाटात सारिकाही कारखान्यात ओरडावं तशी, बेंबीच्या देठापासून ओरडली, "थांब! कांडी संपलीया! मी भरते!" आणि तिनं माग चालू केला.

आलेख खाली आला. शंभर, शहाण्णव, ब्याण्णव, एकोणनव्वद.



"काय केलंस तू?" अस्मानं विचारलं.

"काहीच नाही. ओरडले फक्त. माईक चालू राहिला होता."

मग त्यांनी सगळं करून बघितलं. नुसता माग थांबवून चालू केला. आलेख थोडासाच उतरला. खाली एक परका विणकर उभा केला. आप्पा अस्वस्थ झाले. सारिकाला वाटलं, त्यांना त्यांचे वडील हवे असतील, म्हणून तिनं धोतर-टोपीतला म्हातारा उभा केला. ठोके एकदम एकशे दहा! तिचे ते आजोबा म्हणजे जमदग्नी होते, हे ती विसरलीच होती. मग तिनं पुन्हा एक माग थांबवला, माईक जवळ घेतला आणि साधंच म्हणाली, "आप्पा, मी हाय खाली." आणि माग सुरू केला.

सत्त्याऐंशी.

पुढे या गोष्टीवर जाडजूड शोधनिबंध निघाले. अडचणच नसलेलं जग शरीराला खरं वाटत नाही. अडचण आली आणि ती भरवशाच्या माणसानं निस्तरली, की हृदयाला लगाम घालणारा मज्जातंतू खरा जागा होतो, असं त्यांत लिहिलं होतं. पण त्या दुपारी सारिकाच्या मनात निबंध नव्हता. ती विशीची असताना आप्पांना विषमज्वर झाला होता आणि त्या आठवड्यात चारी माग तिनं एकटीनं ओढले होते. एरवी सुटायचं घोकणारी तीच ताप उतरल्यावर म्हणाली होती, आप्पा, मीच चालवते की आपला कारखाना. आप्पा म्हणाले होते, हे पोरीबाळींचं काम नव्हं. झालं. वर्षभरात माग भंगारात गेले आणि ती कोल्हापूरला निघून आली. आपलं काम बापाच्या पसंतीला उतरलं नाही, ही सल घेऊन तिनं एवढी वर्षं काढली. आणि आता एक यंत्र तिला दाखवत होतं की सारिका खाली आहे म्हटल्यावर या माणसाला झोप येते. तिला रडू कोसळलं. चष्म्याआड आप्पांना त्याचा पत्ता नव्हता.

"रेकॉर्ड करून ठेव आवाज," अस्मा हळूच म्हणाली.

"नाही चालणार. आतमध्ये केव्हा काय होईल सांगता येत नाही. ते वरून कान लावून बसणार. मलाच चालवावे लागतील माग. त्या वेळी, तिथं."

"येतात तुला अजून?"



दुसऱ्या दिवशी सकाळी ती इचलकरंजीला रसूलमामांच्या कारखान्यात उभी होती. रसूलमामा म्हणजे आप्पांचे जुने जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा कारागीर म्हणजे जॉबर. त्यांनी हौसेनं चार जुने माग जिवंत ठेवले होते. सारिकानं हातांत पातळ मोजे चढवले. बोटांची प्रत्येक हालचाल ते यंत्राला शिकवणार होते. मग तिनं पहिली दांडी ओढली.

काय झालं ते न सांगितलेलं बरं. धोटा उडून भिंतीवर आपटला, गाठ सुटली, एक माग चालू करेपर्यंत दुसरे दोन थांबले. घामानं ती निथळली.

"मामा, मला नाही जमत."

"डोसक्यानं कराय लागलीयास," रसूलमामा तंबाखू मळत म्हणाले. "इचार करत बसलीस तर कांडी भरायची कवा? बापाला वर झोपवलंय असं समज आनि कर."

तिनं तसं समजून पाहिलं. तासाभरानं तिला जाणवलं की आपण तारांकडे बघतच नाही आहोत. कान सांगत होते. डावीकडचा माग धापा टाकतोय, कांडी संपत आली. हात आपणहून तिकडे गेला. जेवणवेळेपर्यंत चारी माग तिच्या तालावर आले आणि रसूलमामांनी तंबाखू थुंकून नुसती मान हलवली. ती मान हललेली बघून सारिकाला दोन वीत उंच झाल्यासारखं वाटलं. लहानपणी ज्या आवाजाचा तिनं मनापासून तिटकारा केला, त्यात ती आता उभी होती आणि तिला तो आवडत होता.

ऑपरेशनच्या सकाळी आप्पांना आत नेलं. सारिका काचेपलीकडच्या छोट्या खोलीत मोजे चढवून उभी राहिली. तिच्याही डोळ्यांवर चष्मा होता, पण आरपार दिसणारा. समोर चार माग. कोपऱ्यात आप्पांचे ठोके दिसत होते. डॉक्टर खराडे अनुभवी शल्यविशारद होते, पण असल्या प्रकाराची त्यांना सवय नव्हती. "खडखडाटात रुग्ण झोपवणार म्हणे," ते हातमोजे घालताना पुटपुटले, "मला काय, मी तयार आहे."

पाठीत सुई गेली. आप्पांच्या कंबरेखालचं अंग बधिर झालं. सारिकानं दांड्या ओढल्या. एक, दोन, तीन, चार. फरशी थरथरली.

"आप्पा, मी हाय खाली."

ठोके पंच्याऐंशीवर स्थिरावले. कांडी संपली, तिनं भरली. दुसरी संपली, भरली. आत कातडी कापली गेली, हाड दिसलं, आणि आप्पा वरच्या खोलीत खाटेवर पडून माग ऐकत होते. अर्धा तास असा गेला की अस्मानं काचेतून अंगठा दाखवला.

मग डॉक्टर खराड्यांनी हातोडी घेतली.

हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवावा लागतो. पहिला घाव पडला तसा तो आप्पांच्या सगळ्या अंगातून गेला. दुखलं नाही, पण हादरा बसला. दुसरा घाव. तिसरा. कानांवर कितीही गाद्या असल्या तरी असा हादरा थोपत नाही. ठोके शंभर, एकशे आठ, एकशे सोळा.

"काय तुटलं?" आप्पा ओरडले. "माग तुटला! खाली काय चाललंय?"

"सारिका!" अस्मा ओरडली. "एकशे बावीस. काहीतरी कर!"

"मला आता थांबता येणार नाही," खराडे म्हणाले. "दांडा अर्धा आत आहे."

यंत्र आपणहून खडखडाट वाढवून घाव बुडवायला बघत होतं. ते चूक होतं, हे सारिकाच्या हातांना कळलं. कारखान्यात असा आवाज आला तर विणकर काय करतो? तिनं सटासट चारी दांड्या पाडल्या.

सगळं गप्प झालं. आप्पांना जिची सगळ्यात धास्ती, ती शांतता पसरली. अस्मा काचेवर हात आपटत होती. एकशे एकतीस.

सारिकानं माईक तोंडाशी घेतला आणि चार माग चालू असताना ओरडतात तशी ओरडली, "आप्पा! घाबरू नगासा! तिसऱ्या मागाचा दांडा ढिला झालाय. रसूलमामा आलेत, ते ठोकून बसवाल्यात. बाकीचं मी सुरू करते. झोपा तुमी!"

तिनं पहिली दांडी ओढली. खडखड सुरू झाली. दुसरी ओढली. तिसरी तशीच ठेवली. चौथी ओढली. तीन माग चालू लागले आणि त्यांच्या मधूनच ठोकाठोकी ऐकू येत राहिली. दुरुस्तीला थांबलेल्या मागावर जशी ठोकाठोकी व्हायला हवी, अगदी तशी.

खराडे घाव घालत होते. एकशे अठ्ठावीस. एकशे पंधरा. दुसऱ्या मागावरची कांडी संपली, माग थांबला; सारिकाचा हात तिकडे गेला, कांडी बसली, माग चालला. एकशे दोन.

मग आप्पांचा आवाज आला. या वेळी ते ओरडले नाहीत. कूस बदलताना माणूस बोलतो तसे ते बोलले.

"सारिका हाय न्हवं खाली?"

"हाय आप्पा."

"मग असू दे."

ब्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. आलेखावरच्या दोन ठोक्यांमधलं अंतर पुन्हा कमीजास्त व्हायला लागलं. डॉक्टर अस्मानं आकडा मोठ्यानं वाचला आणि तिचाच विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचला. शेवटचा घाव पडला, दांडा बसला. सारिकानं तिसऱ्या मागाची दांडी ओढली आणि चारी माग एका तालात चालू लागले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. ती तशीच हसत होती.

थोड्या वेळानं ऑपरेशनच्या खोलीत एक नवाच आवाज यायला लागला. खराडे दचकून थांबले. अस्मानं वाकून पाहिलं आणि ती खुदकन हसली. कुठलंही औषध न घेता, उघड्या जखमेनिशी, नागेशआप्पा मुरदंडे घोरत होते.

खराड्यांनी त्या घोरण्याच्या तालावरच टाके घातले. शेवटची पट्टी लावून झाल्यावर त्यांनी काचेकडे वळून सारिकाला वाकून नमस्कार केला.

"झालं हो ताई," ते म्हणाले. "हाड मस्त बसलंय. महिन्याभरात चालतील. आता बंद करा तुमचा कारखाना."

सारिकानं मान हलवली. डाव्या मागाची कांडी संपत आली होती. हात तिकडे गेलाच होता.

"आप्पा झोपलेत," ती म्हणाली. "बीम संपू दे."